गिरिजाबाईचे मामंजी

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक बातमी कुजबुजत फिरत होती. बातमी अशी, की खणवाल्या सोमलिंगची आई गिरिजाबाई सुनेची झाडं पाण्यावाचून मारतेय. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. ती परत येऊ नये म्हणून म्हातारीनं हा घाट घातलाय. झाड वाळलं की सुनेचं मन वाळतं आणि मन वाळलं की तिचे पाय सासरकडे वळत नाहीत, अशी काहीतरी ती विद्या होती म्हणे. ही विद्या कुणी कुणाला शिकवली, ते ठाऊक नव्हतं. पण गल्लीत ती सगळ्यांना येत होती.

बातमी निघाली केराबाईच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या गच्चीवरून. केराबाईचं माळवद गिरिजाबाईच्या माळवदाला चिकटून, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपरं टेकली की केराबाईला सगळं दिसायचं. आणि जे दिसायचं नाही, ते तर फारच स्पष्ट दिसायचं.

"माझ्या या डोळ्यांनी बघितलंय," ती नळावर सांगायची. त्या दुष्काळी साली नळाला पाणी येण्याचा भरवसा नव्हता, त्यामुळे ऐकायला माणसं भरपूर. "रोज सकाळी वर येती. सुनेच्या त्या काटेऱ्या कुंड्यांपुढं फतकल मारून बसती. टक लावून बघती. आन् एक थेंब न घालता खाली जाती! शिवाय पूजेचं पाणी पदराखाली झाकून कुटं तरी जाती. कुटं जाती, सांगा की!"

"कुटं?" रांगेतल्या चार जणी एकदम विचारायच्या.

"त्येच तर!" म्हणून केराबाई घागर पुढं सरकवायची. यापेक्षा मोठा पुरावा गल्लीला कधीच लागला नव्हता.

आता, जिच्यावर हा आळ आला ती गिरिजाबाई कशी, ते ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. कारण पाणी न घालणं, अन्न न वाढणं, हात आखडणं ही गोष्ट त्या बाईला जन्मात जमली नव्हती. ठेंगणी, गोल, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आवाज दुकानातून घरापर्यंत पोचणारा. नवरा गुरप्पा गेला तेव्हा सोमलिंग शाळेत होता. तेव्हापासून ती खणांच्या दुकानात स्वतः गादीवर बसली. गिऱ्हाईक आलं की आधी पाण्याचा तांब्या, मग खण. खण घेतला नाही तरी पाणी प्यायल्याशिवाय पायरी उतरता यायचं नाही.

जेवायला बसवलं तर विचारूच नका. तिच्याकडे "नको" या शब्दाचं एक शास्त्र होतं. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं कदाचित पोट भरल्याचं. तेव्हा तिसरं ऐकू येईपर्यंत वाढत राहायचं. एकदा अक्कलकोटच्या एका पाहुण्यानं दुसऱ्याच नकोला ताटावर हात आडवा धरला. गिरिजाबाईनं तूप त्याच्या हातावर वाढलं. बिचारा मनगटापासून चाटत बसला, आणि घरी जाऊन सांगितलं, की बाई लई मायाळू हाय.

तर अशा घरात बहात्तर साली जगदेवी सून म्हणून आली. तिचा बाप शंकरप्पा जेऊर स्टेशनावर पॉइंट्समन होता. गाड्यांचे सांधे बदलायचे आणि दोन गाड्यांमधल्या रिकाम्या वेळात फलाटाच्या टोकाला चुना लावलेले दगड मांडून त्यात निवडुंग लावायचे, हे त्याचं आयुष्य. पुण्याकडच्या एका साहेबानं दिलेलं रोप, कुठल्या गार्डानं आणलेला तुकडा, असं करत त्यानं बाग जमवली. लेकीच्या रुखवतात लाडू, करंज्या, विणलेली तोरणं यांच्या शेजारी त्यानं पाच-सहा कुंड्या मांडल्या. सगळ्या काट्यांच्या.

मांडवात कुजबुज झालीच. घरात काटे म्हणजे घरात भांडण, हे काय कुणाला सांगायला हवं?

"रुखवतात काटे!" केराबाई म्हणाली. "सासूसाठीच दिसतायत गं, गिरिजाक्का."

"माझी कातडी जाड हाय," गिरिजाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसून म्हणाली. "काटे मोडले तर भरून द्या म्हणावं."

त्या कुंड्यांत एक वीतभर उंचीचं झाड होतं. खांबासारखं सरळ, आणि अंगभर पांढरे लांब केस, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. गिरिजाबाईनं ते घरी नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बया, हे तर आमचे मामंजी! हुबेहूब. अशेच पांढरे केस, अशेच गप उभे राहायचे, आन् जवळ गेलं की अशेच टोचायचे." आणि तिनं खरोखरच डोक्यावर पदर घेतला. नवी सून तेव्हा सासरी पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून त्या झाडाचं नाव मामंजी पडलं. माळवदावर गेलं की गिरिजाबाई पदर सावरूनच त्यांच्यापुढं जायची.

सून गुणी होती, पण तिची एक अडचण होती. जगदेवी नको एकदाच म्हणायची. "ब्याड, अत्ती," म्हणजे नको, आत्याबाई, असं कानडीत हळूच. आणि मग गप्प. गिरिजाबाई दुसऱ्या-तिसऱ्या नकोची वाट बघत वाढत राहायची. भाकरीवर तूप, डोक्यावर तेल, अंगावर गोधडी. तिला दिवस गेल्यावर तर दुधावर दूध. पोरगी खाली मान घालून सगळं गिळायची आणि मग माळवदावर कुंड्यांपाशी जाऊन बसायची. गिरिजाबाईला वाटायचं, पोर लाजते. सहा महिने झाले तरी लाजते म्हणजे वळण किती चांगलं!

आणि मग ते पूजेच्या पाण्याचं झालं.

गिरिजाबाईची रोजची इष्टलिंगाची पूजा. लिंग तळहातावर घेऊन त्यावर पाणी घालायचं, भस्म, बेलाचं पान. ते पाणी कुणाच्या पायदळी पडता कामा नये, झाडाच्या मुळाशी गेलं पाहिजे, ही घरची रीत. पूर्वी अंगणात बेलाचं झाड होतं. भाऊबंदांनी भिंत घातली तेव्हा ते पलीकडे गेलं. तेव्हापासून गिरिजाबाई रोज ते पाणी घेऊन झाड शोधत फिरायची. आता घरातच झाडं आली! आणि त्यांतही मामंजी. पावसाळा संपल्यापासून तिनं रोज सकाळी, न चुकता, वाटीभर पूजेचं पाणी मामंजींच्या बुंध्याशी ओतलं. सुनेला सांगितलं नाही. पुण्य काय सांगून करायचं असतं?

मार्गशीर्षात एका सकाळी मामंजी कलले. गिरिजाबाईनं पदर सावरला, दोन बोटांनी त्यांना सरळ करायला गेली, तर ते हातात आले. खालचा भाग पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. वास येत होता. मामंजी तळहातावर घेऊन ती उभी, आणि जिन्यातून जगदेवी वर आली.

"अत्ती, तुमी पाणी घालत होता?"

"पूजेचं होतं गं. देवाचं पाणी."

देवाच्या पाण्याला सून काय बोलणार? तिनं झाड हातात घेऊन उलटं केलं, बुंधा चाचपला. खाली जाऊन विळी आणली. सडका भाग कापला, आणखी कापला, आत पांढरं-हिरवं निरोगी दिसेपर्यंत कापला. राहिला फक्त शेंडा, लिंबाएवढा. तो तिनं जिन्यातल्या कोनाड्यात कोरड्या फडक्यावर ठेवला. गिरिजाबाईला तिथून जाता-येता मामंजींचं नुसतं डोकं दिसायचं, आणि दर वेळी तिचा हात पदराकडे जायचा.

त्यानंतर जगदेवी घरात वावरायची, पण नको म्हणायचीच बंद झाली. वाढलं ते खायची. एवढंच. आणि गंमत बघा, नको बंद झाल्यावरच गिरिजाबाईच्या घशाखाली घास उतरेना.

सातव्या महिन्यात शंकरप्पा लेकीला न्यायला आला. निघायच्या दिवशी जगदेवीनं मामंजींचं डोकं एका कुंडीत कोरड्या वाळूवर नुसतं टेकवलं, आणि टांग्यात बसता बसता सासूकडे वळली.

"अत्ती, मी येईपर्यंत कुठल्याच कुंडीला पाणी घालू नका."

"अजिबात?"

"अजिबात."

"घोटभर?"

पोरीनं सासूकडे पाहिलं. मग मान फिरवली, आणि टांगा स्टेशनकडे निघाला.

गल्लीनं लगेच ठरवलं, सून रुसून गेली. खोटं कशाला बोला, गिरिजाबाईचंही तेच मत होतं. चैत्रात नात झाली. सोमलिंग पेढे घेऊन गेला, बारसं करून आला. सव्वा महिना झाला, आणायला गेला, एकटाच परत आला. सोमलिंग म्हणजे बोलण्यात बापावर गेलेला. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्चायचा नाही.

"का रे? कधी येती म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"बघू म्हंजे?"

"बघू."

गिरिजाबाईनं आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिली होती. "बघू" म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक किती वेळा परत येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

मग ती रोज माळवदावर चढू लागली. सूर्य डोक्यावर यायच्या आत जायची आणि कुंड्यांपुढं बसायची. सोलापूरचं ऊन, त्यात ते साल. माळवदाची माती भेगाळलेली, गल्लीत टँकर आला की भांडणं. आणि समोर ही लेकरं तहानलेली. ढोलकीसारखा गोल निवडुंग होता, त्याच्या अंगावरच्या घड्या आत जाऊन तो मिटलेल्या छत्रीसारखा झाला. एकाची पानं सुरकुतली. मामंजींचं डोकं तर वाळूवर नुसतं ठेवलेलं. तिचा उजवा हात आपोआप तांब्याकडे जायचा. डाव्या हातानं ती तो धरायची. हे अक्षरशः खरं; केराबाईनं ते पाहिलं आणि ती मंत्राची मुद्रा आहे असं नळावर सांगितलं.

पूजेच्या पाण्याची वाटी मात्र आता ती झाकून गल्लीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत न्यायची आणि त्याच्या बुंध्याशी रिकामी करायची. झाकायची, कारण वाटेत कुणाचा धक्का लागून ते पायदळी पडायला नको. केराबाईला हेही दिसलं, पण ते झाड तिच्या माळवदावरून दिसत नव्हतं.

वैशाखात एका दुपारी दुकानातून येताना गिरिजाबाई स्वतःच्या दारात थबकली. चौकटीवर कोरफड टांगलेली होती. तिनंच टांगली होती, नजर लागू नये म्हणून, सून आली त्या वर्षीच्या एका अवसेला. मुळं वर, पानं खाली, ना माती ना पाणी. टांगली आणि विसरली. आता उलट्या लटकलेल्या त्या कोरफडीनं वाकडी मान वर काढून एक दांडा सोडला होता, आणि दांड्यावर पिवळी-केशरी फुलं होती.

गिरिजाबाई दारातच खाली बसली.

"काय झालं वो?" समोरच्या घरातल्या गौरम्मानं विचारलं.

"काही न्हाई." ती वर बघत राहिली. "हिला आपण कदी पाणी घातलं न्हाई की गं."

"तिला कोण घालतंय?"

"त्येच म्हणते."

संध्याकाळी ती पुन्हा वर गेली. गोल निवडुंगाच्या घड्यांवरून, काटे चुकवत, बोट फिरवलं. मिटला होता, पण मऊ नव्हता. टणक होता. मामंजी कलले तेव्हा मऊ होते, हे तिला आठवलं. हा उपाशी नाही, हा धरून आहे. असेल तेवढं आत घेऊन, दार लावून बसलाय. कुणी ठोठावलं तर मात्र बिघडेल. तिला एकाएकी सुनेची ताटापुढं खाली घातलेली मान दिसली, आणि ती बराच वेळ खाली आली नाही.

आता केराबाईचं सांगायला हवं. ती वाईट बाई नव्हती. वाईट असती तर बातम्यांत एवढी गोडी आली नसती. उलट तिला त्या झाडांची दया आली. एके दिवशी, स्वतःच्या घरात प्यायला पाणी बेताचं असताना, तिनं तांब्या भरला आणि भिंतीवरून वाकून मामंजींच्या डोक्यावर धरला. गिरिजाबाई तेवढ्यात जिन्यातून वर आली.

"केरा! थांब!"

"अगं, घोटभर घालू दे की! मुकी जात हाय!"

"घालायचं न्हाई म्हंजे न्हाई!"

"सुनेचा राग झाडावर काढतीस व्हय? देव बघतोय वर!"

"बघू दे. तांब्या इकडं आण!"

ओढाओढ झाली. त्या साली सोन्यासारखं असलेलं पाणी दोघींच्या लुगड्यांवर सांडलं. कुंडी कोरडी राहिली. पुढं रोहिणीत वळवाचे चार टपोरे थेंब पडले तर गिरिजाबाईनं धावत जाऊन कुंड्यांवर पत्रा ओढला. मग काय विचारता! आभाळाचंही पाणी ही लागू देत नाही. बातमी नळावरून पेठेत गेली, पेठेतून बिरप्पाच्या गाठोड्यात शिरली. हा बिरप्पा सोमलिंगकडून खण घेऊन बाजारोबाजार विकायचा. जेऊरच्या बाजाराला गेला, तेव्हा शंकरप्पाच्या घरी पाणी प्यायला थांबला आणि पाण्याच्या बदल्यात बातमी देऊन आला.

श्रावणात, एका सकाळी, दारात टांगा थांबला. कुणी निरोप नाही, आणायला कुणी गेलेलं नाही. शंकरप्पा ट्रंक उतरवत होता आणि जगदेवी पोरीला छातीशी धरून उभी. गल्लीतल्या खिडक्या भराभर उघडल्या. केराबाई तर अर्धी बाहेर.

गिरिजाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नातीला घेतलं. पण तिचं लक्ष सुनेकडे, आणि सुनेचं जिन्याकडे.

"मामंजी?" जगदेवीनं विचारलं.

"वर हायत." गिरिजाबाईचा आवाज पहिल्यांदाच घरातल्या घरात ऐकू येईल एवढा बारीक झाला. "जित्ते हायत का न्हाई, मला कळत न्हाई. मी हातच लावला न्हाई."

दोघी वर गेल्या. गिरिजाबाईनं नातीला खांद्यावर घेतलं होतं, तरी दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सावरला. जगदेवी कुंडीपुढं बसली. पांढऱ्या केसांवर धूळ साचलेली, अंग थोडं आक्रसलेलं. तिनं दोन बोटांत शेंडा धरला आणि हळूच वर ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. वाळूनं धरून ठेवला होता.

"मूळ धरलं," ती म्हणाली.

"कोरड्यात?"

"कोरडं होतं म्हणून, अत्ती. तहान लागली की ते पाणी शोधायला मूळ सोडतं. आयतं मिळालं तर कशाला सोडेल?"

गिरिजाबाईच्या खांद्यावर नात चुळबुळत होती.

"बिरप्पा आला होता आमच्याकडे," जगदेवी कुंडीकडे बघतच म्हणाली. "म्हणाला, तुझी सासू लई वाईट बाई हाय, तुझ्या झाडांना थेंब घालत न्हाई. शेजारीण घालायला गेली तर तिच्याशी भांडली."

"मग?"

"मी परत विचारलं. एकदा तरी घातलं असंल की. तो शपथ घेऊन म्हणाला, एकदाबी न्हाई." ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "मग मी अप्पाला म्हटलं, ट्रंक काढा."

दुपारी पानं मांडली. गिरिजाबाई तुपाची वाटी घेऊन आली, बाळंतिणीच्या भाकरीवर एक धार सोडली, दुसरीसाठी वाटी तिरपी केली.

"ब्याड, अत्ती."

वाटी तिथंच थांबली. धार सुटायच्या बेतात होती. गिरिजाबाईनं बोटानं अडवली आणि बोट स्वतःच्या जिभेवर पुसलं. शंकरप्पाला यात काही विशेष दिसलं नाही. सोमलिंगनं मात्र घास हातात धरून आईकडे पाहिलं, आणि ठेवणीतला एक शब्द खर्च केला.

"वा."

दुसऱ्या दिवशी मामंजींना पाणी मिळालं. किती, ते जगदेवीनं सांगितलं आणि गिरिजाबाईनं चमच्यानं घातलं. केराबाई भिंतीवर होतीच. खाली जाऊन तिनं सांगितलं, की सून आल्यावर घाबरून म्हातारीनं पाणी घातलं. ही बातमीही बरेच दिवस चालली.

खरं एवढंच होतं. मी येईपर्यंत पाणी घालू नका, असं सुनेनं सांगितलं होतं. सासूनं घातलं नाही.